एज्युरोम: कॅम्पसवरचं सगळ्यात भरवशाचं वायफाय, पण सर्टिफिकेटची पायरी गाळू नका

कॉलेजच्या आवारात वायफाय वापरायच्या आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एकात वायफायला जोडलं की ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं, तिथे रोल नंबर आणि पासवर्ड टाकायचा, काही तासांनी ते लॉगिन आपोआप सुटतं आणि पुन्हा तेच करायचं. दुसरी तऱ्हा एज्युरोमची, म्हणजे जगभरच्या शिक्षणसंस्थांनी मिळून चालवलेल्या सामाईक वायफाय सेवेची. फोनमध्ये एकदाच सेटिंग करायचं, मग आपल्या कॅम्पसवर, दुसऱ्या शहरातल्या संस्थेत किंवा थेट जर्मनीतल्या विद्यापीठात फोन खिशातून न काढता नेट सुरू होतं. तुमच्या संस्थेत दोन्ही असतील तर डोळे मिटून एज्युरोम घ्या. मात्र ते कसं बसवलंय यावर त्याची सुरक्षितता अवलंबून आहे. 'कसंही करून एकदाचं कनेक्ट झालं' या बेतानं बसवलेलं एज्युरोम पहिल्या तऱ्हेपेक्षाही धोक्याचं ठरू शकतं. म्हणून इथे बसवण्याबद्दल आणि बिघाडांबद्दल जास्त लिहिलं आहे, गुणगानाबद्दल कमी.

ही कल्पना २००२ची. नेदरलँड्समधल्या शिक्षणसंस्थांचं नेटवर्क चालवणाऱ्या सर्फनेट या संस्थेतल्या क्लास विरेंगा यांनी ती मांडली, सुरुवातीला युरोपातले मोजके देश सामील झाले आणि आज १००हून जास्त देशांत ही सेवा चालते. भारतात तिची जबाबदारी शिक्षण आणि संशोधन संस्थांचं नेटवर्क चालवणाऱ्या अर्नेट इंडियाकडे आहे. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत ती उपलब्ध आहे. तुमची संस्था त्यात आहे का, हे एज्युरोमच्या संकेतस्थळावरच्या नकाशात किंवा सरळ कॉम्प्युटर सेंटरमध्ये विचारून कळेल. विद्यार्थ्याला किंवा प्राध्यापकाला यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

चालतं कसं ते समजून घेतलं तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. तुमचं एज्युरोमचं नाव ईमेलसारखं असतं: आधी तुमचं नाव, मग अ‍ॅटचं चिन्ह, मग संस्थेचं डोमेन. त्यातला अ‍ॅटनंतरचा भाग पत्रावरच्या पिनकोडसारखा काम करतो. तुम्ही म्युनिकमधल्या विद्यापीठात बसून जोडलंत, की तिथला सर्व्हर फक्त हा भाग वाचतो, 'हा आपला नाही' म्हणून विनंती जर्मनीच्या राष्ट्रीय सर्व्हरकडे देतो, तिथून ती वरच्या पातळीवरच्या सर्व्हरकडे, तिथून भारताच्या राष्ट्रीय सर्व्हरकडे आणि शेवटी तुमच्या कॉलेजच्या रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे नाव-पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरकडे येते. पासवर्ड तपासतो तो फक्त तुमचा स्वतःचा सर्व्हर. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर आल्या वाटेनं परत जातं. मधल्या कुणालाही पासवर्ड दिसत नाही, कारण तो तुमचा फोन आणि तुमचं कॉलेज यांच्यातल्या बंद बोगद्यातून जातो. या देवाणघेवाणीच्या दहाएक फेऱ्या होतात, त्यामुळे परदेशातून पहिल्यांदा जोडताना दोन-चार सेकंद जास्त लागतात. ते बिघाडाचं लक्षण नाही.

लॉगिनच्या पानाची तऱ्हा यासमोर का कमी पडते, तेही पाहा. त्यात बहुतेक ठिकाणी हवेतली वाहतूक कूटबद्ध नसते किंवा सगळ्यांना एकच चावी दिलेली असते. लॉगिनचं पान आणण्यासाठी फायरवॉल तुमची पहिली विनंती अडवून दुसरीकडे वळवते. पण आता जवळजवळ प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, असल्यामुळे ती वळवणूक ब्राउझर नाकारतो आणि 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा येतो. विद्यार्थी तो इशारा डावलायला शिकतात, आणि ही सवय पुढे बँकेच्या साइटवरही राहते, हे मला फार घातक वाटतं. मोबाइल नंबरवर ओटीपी मागणारी पद्धत असेल तर परदेशातून आलेला पाहुणा प्राध्यापक भारतीय सिम नाही म्हणून बाहेरच राहतो. तरीही तुमच्याकडे हीच पद्धत असेल आणि पान उघडत नसेल, तर ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' (मध्ये जोडरेघ नाही) ही साधी एचटीटीपी साइट टाका, पान लगेच येतं. अँड्रॉइडवर 'प्रायव्हेट डीएनएस' मध्ये एखाद्या सेवेचं नाव घालून ठेवलं असेल तर तेही 'ऑटोमॅटिक' वर आणा, नाहीतर पान अडू शकतं.

बसवायचं ते घरी, प्रवासाआधी

सगळ्यात सोपा आणि योग्य मार्ग म्हणजे 'गेटएज्युरोम' हे अ‍ॅप. अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज तिन्हींसाठी मिळतं. अ‍ॅप उघडायचं, संस्थेचं नाव शोधायचं, नाव-पासवर्ड द्यायचा, संपलं. सर्टिफिकेट (सर्व्हर खरा आहे हे पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) कुठलं, सर्व्हरचं नाव काय, पद्धत कुठली, हे सगळं संस्थेनं आधीच भरून ठेवलेलं असतं. मॅक आणि लिनक्ससाठी 'कॅट डॉट एज्युरोम डॉट ओआरजी' वरून इन्स्टॉलर उतरवता येतो. लिनक्सला तो पायथनच्या स्क्रिप्टच्या रूपात मिळतो.

अ‍ॅप उतरवायला नेट लागतं, एवढी साधी गोष्ट परदेशी जाणारे विसरतात. विमानतळावरून थेट विद्यापीठात पोचल्यावर, सिम नसताना, हे करता येत नाही. घरच्या वायफायवर बसवा आणि शक्य असेल तर आपल्याच कॅम्पसवर एकदा जोडून पाहा. जर्मनी, नेदरलँड्स किंवा इंग्लंडला शिकायला निघालेल्या मुलांना नवं विद्यापीठ अनेकदा प्रवेश पक्का झाल्यावर लगेच खातं देतं. ते मिळालं असेल तर त्याचं प्रोफाइल पुण्यातून किंवा कोल्हापुरातूनच फोनमध्ये घालून ठेवता येतं, कारण बसवायला त्या विद्यापीठाच्या हद्दीत असावं लागत नाही.

अँड्रॉइडवर दोन खाचखळगे आहेत. आधी हातानं जोडलेलं एज्युरोम फोनमध्ये असेल तर ते 'फॉरगेट' करून मगच अ‍ॅप चालवा, नाहीतर जुनं चुकीचं सेटिंगच वरचढ राहतं. दुसरं, अ‍ॅप बसवल्यावर 'सुचवलेल्या वायफायला परवानगी द्यायची का' अशी सूचना येते, तिला 'अलाऊ' म्हणा. आणि जागा वाचवायला म्हणून हे अ‍ॅप काढून टाकू नका. अँड्रॉइड १० पासून पुढे अ‍ॅपनं दिलेलं वायफाय अ‍ॅपबरोबरच निघून जातं. 'काल चालत होतं, आज बंद' या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं.

आयफोनवर कॅटच्या पानावरून प्रोफाइल उतरवलं तर ते आपोआप बसत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन 'प्रोफाइल डाउनलोडेड' वर टिचकी मारून ते बसवावं लागतं. आठ मिनिटांत बसवलं नाही तर फोन ते काढून टाकतो आणि पुन्हा उतरवावं लागतं.

संस्थेनं कॅटवर नोंद केलेली नसेल तर हातानं भरण्याला पर्याय नाही. अशा वेळी कॉम्प्युटर सेंटरकडून चार गोष्टी लिहून घ्या: ईएपीची पद्धत (बाहेरचा बोगदा कसा बांधायचा ते), आतली पद्धत (बोगद्यातून पासवर्ड कसा तपासायचा ते), सर्टिफिकेट कुणाचं आहे ते, आणि रेडियस सर्व्हरचं पूर्ण नाव. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पद्धत 'पीईएपी' आणि आतली, म्हणजे 'फेज टू', 'एमएसचॅप व्ही-टू' असते. काही संस्था 'टीटीएलएस' आणि 'पीएपी' वापरतात. अँड्रॉइडमध्ये मग 'सीए सर्टिफिकेट' या रकान्यात, सर्व्हरचं सर्टिफिकेट सार्वजनिक कंपनीचं असेल तर 'यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स' निवडायचं. संस्थेनं स्वतः बनवलेलं असेल तर त्याची फाइल आधी सिक्युरिटीच्या सेटिंगमधून वायफाय सर्टिफिकेट म्हणून बसवायची आणि मग ती निवडायची. 'डोमेन' या रकान्यात सर्व्हरचं नाव. 'आयडेंटिटी' मध्ये अ‍ॅट आणि डोमेनसकट पूर्ण नाव. 'अ‍ॅनॉनिमस आयडेंटिटी' मध्ये 'अ‍ॅनॉनिमस' हा शब्द, अ‍ॅटचं चिन्ह आणि संस्थेचं डोमेन. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवला तरी जोडलं जातं, पण मग वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरच्या नोंदीत तुमचं खरं नाव पडतं. भरला तर बाहेरच्यांना एवढंच कळतं की अमुक कॉलेजचं कुणीतरी आलंय.

नेटवर्कचं नाव सगळं लहान इंग्रजी अक्षरांत असतं. पहिलं अक्षर मोठं असलेलं, किंवा पुढे 'फ्री', 'गेस्ट' असं काही जोडलेलं नेटवर्क दिसलं तर ते एज्युरोम नव्हे. त्याचप्रमाणे खऱ्या एज्युरोमवर लॉगिनचं वेब पान कधीच येत नाही. आलं, तर तिथे पासवर्ड टाकू नका.

सर्टिफिकेट गाळलं तर काय होतं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण याबाबतीत आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या सूचनापत्रकांतच चूक असते. 'सीए सर्टिफिकेट: डू नॉट व्हॅलिडेट निवडा' असं छापलेलं असतं. तसं केलं की फोन पटकन जोडतो, तक्रारी कमी होतात, आणि बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला खरोखर आपलं कॉलेज आहे का, हे बघणंच बंद होतं.

मग कुणीही कँटीनमध्ये एक लॅपटॉप आणि स्वस्तातला वायफाय अडॅप्टर घेऊन त्याच नावाचं नेटवर्क सुरू करू शकतो. तुमचा फोन खिशात असतानाच त्याला जोडू पाहतो. पीएपी पद्धत असेल तर पासवर्ड जसाच्या तसा त्याच्या हातात जातो. एमएसचॅप व्ही-टू असेल तर पासवर्डच्या गोषवाऱ्यावरून काढलेलं उत्तर जातं, पण तेही पुरेसं आहे. २०१२ साली डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं की ही पद्धत फोडण्याचं काम डीईएस या जुन्या कूटपद्धतीची ५६ बिटांची एक चावी शोधण्याइतकंच उरतं, आणि ते योग्य यंत्रावर एका दिवसात होतं. पासवर्ड साधा असेल तर शब्दांच्या यादीनं त्याआधीच फुटतो. आणि कॉलेजचा हा पासवर्ड सहसा ईमेल, परीक्षेचे गुण, फी भरण्याचं पोर्टल या सगळ्याला एकच असतो.

गूगलनं डिसेंबर २०२०च्या अपडेटमध्ये पिक्सेल फोनांतून 'डू नॉट व्हॅलिडेट' हा पर्याय काढून टाकला आणि नंतर तो इतरही फोनांतून जात गेला. तेव्हा अनेक ठिकाणी 'नवीन फोनवर एज्युरोम चालत नाही' अशी ओरड झाली. दोष फोनचा नव्हता, इतकी वर्षं चुकीची सूचना पाळली जात होती ती आता पाळता येईना. अँड्रॉइड १३ मध्ये 'ट्रस्ट ऑन फर्स्ट यूज' हा पर्याय आला. त्यात पहिल्यांदा जोडताना दिसलेलं सर्टिफिकेट फोन लक्षात ठेवतो. दुसरं काहीच नसेल तर तो चालेल, फक्त पहिली जोडणी आपल्याच कॅम्पसवर, कॉम्प्युटर सेंटरच्या शेजारी करा, रेल्वे स्टेशनवर किंवा परिषदेच्या गर्दीत नको. आयफोनवर हातानं जोडताना येणारं 'ट्रस्ट' चं बटण आणि विंडोजवर येणारा 'इथे हे नेटवर्क अपेक्षित आहे का' हा प्रश्नही याच जातीचा आहे. सर्टिफिकेटचं नाव वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका.

बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी ओळखा

जोडणीचे तीन टप्पे असतात: रेंज मिळणं, ओळख पटणं, आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरचा फोनचा क्रमांक) मिळून नेट सुरू होणं. फोन काय दाखवतोय यावरून टप्पा कळतो. 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं दिसत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, ओळख पटलेली आहे, आणि दहा वेळा पासवर्ड पुन्हा टाकून काहीही होणार नाही. उलट पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत असेल, किंवा 'सेव्ह्ड' वरच अडकत असेल, तर रेंजच्या शोधात जिन्यात फिरण्यात अर्थ नाही.

ओळख न पटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नावापुढे अ‍ॅट आणि डोमेन न लावणं. स्वतःच्या कॅम्पसवर नुसत्या रोल नंबरवरही चालून जातं, कारण सर्व्हर आपलाच असतो. बाहेर गेल्यावर मात्र विनंती कुठे पाठवायची हेच कळत नाही, म्हणून तिथला सर्व्हर ती नाकारतो. वर्षभर घरी सुरळीत चाललेलं एज्युरोम परिषदेच्या पहिल्या दिवशी बंद पडतं ते यामुळे. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा हे दुसरं कारण. फोनचा कीबोर्ड नाव सुचवताना ती आपणहून घालतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पासवर्ड बदलल्यानंतरचा गोंधळ वेगळा. पासवर्ड लॅपटॉपवर बदलता, पण फोन, टॅब्लेट आणि खोलीत ठेवलेला जुना फोन जुन्याच पासवर्डनं मिनिटामिनिटाला धडका देत राहतात. ठरावीक चुकांनंतर सर्व्हर खातंच बंद करतो, आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही. उपाय म्हणजे पासवर्ड बदलण्याआधी सगळ्या उपकरणांचं वायफाय बंद करा, मग एकेकावर नवा पासवर्ड घाला. खातं बंद झालंच असेल तर सगळी उपकरणं शांत करून थोडा वेळ थांबा किंवा ते उघडून घ्या.

फोनची तारीख चुकली असेल, बॅटरी पूर्ण उतरल्यावर जुन्या लॅपटॉपची घड्याळं मागे जातात तशी, तर सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही' असं समजून जोडणी तुटते. आधी तारीख पाहा. सगळ्या कॅम्पसचं एज्युरोम एकाच सकाळी बंद पडलं तर बहुधा सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलं किंवा बदललं. त्यात वापरणाऱ्याच्या हातात काही नसतं. संस्थेनं जुन्याच प्राधिकरणाकडून नवं घेतलं असेल तर अ‍ॅपनं बसवलेल्यांना काहीच करावं लागत नाही, हातानं 'ट्रस्ट' केलेल्या आयफोनवाल्यांना मात्र दर वेळी पुन्हा विचारणा होते.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक खास नोंद. उबंटू २२.०४ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ओपनएसएसएल ३ हे कूटबद्ध जोडणीचं सॉफ्टवेअर आहे आणि ते टीएलएसच्या, म्हणजे बंद बोगदा बांधण्याच्या पद्धतीच्या, जुन्या आवृत्त्या नाकारतं. कॉलेजचा रेडियस सर्व्हर जुना असेल तर फोनवर चालणारं एज्युरोम लॅपटॉपवर मुळीच चालत नाही. लॅपटॉपची सुरक्षा पातळी खाली आणून चालवण्याचे उपाय सर्वत्र सांगितले जातात. ते तात्पुरते आहेत, खरा इलाज सर्व्हर अद्ययावत करण्याचा आहे, म्हणून लॉगमधली ओळ कॉपी करून कॉम्प्युटर सेंटरला पाठवा. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारांत 'क्रेडेन्शियल गार्ड' आपोआप सुरू असतं. त्यामुळे विंडोजच्या लॉगिननंच वायफायला जोडण्याची एमएसचॅपवरची सोय बंद पडते. तिथे नाव आणि पासवर्ड वेगळे टाकावे लागतात.

ओळख पटली पण नेट नाही, तर फोनला मिळालेला पत्ता बघा. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही. पत्त्यांच्या नेहमीच्या एका गटात वापरायला २५४ पत्ते असतात, आणि प्रत्येक पत्ता आठ तासांसाठी दिला जात असेल तर दुपारच्या सुट्टीत कँटीनमधून नुसते ये-जा करणारे फोनच ते संपवून टाकतात. हा दोष रचनेचा आहे. गर्दीच्या जागी पत्त्याची मुदत तास-दोन तासांवर आणणं आणि गट मोठा करणं हे काम संस्थेचं.

हॉस्टेलवर याच टप्प्यातला आणखी एक बिघाड फार होतो. कॅम्पसचे पत्ते १० किंवा १७२ नं सुरू होणारे असतात आणि अचानक मजल्यावरच्या सगळ्यांना १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ नं सुरू होणारे पत्ते यायला लागतात, नेट जातं. याचा अर्थ कुणीतरी घरून आणलेला राउटर भिंतीतल्या पॉइंटला जोडलाय, आणि तोही वॅनच्या (बाहेरून नेट घेणाऱ्या) ऐवजी लॅनच्या (आतल्या उपकरणांना नेट देणाऱ्या) भोकातून. तो राउटर आता अख्ख्या मजल्याला स्वतःचे पत्ते वाटतोय. वायर काढली की मजला पूर्ववत होतो.

रेंज आणि वेग

एज्युरोम म्हणजे फक्त ओळख पटवायची व्यवस्था. वेग तुम्ही ज्या आवारात बसला आहात तिथल्या यंत्रणेचा असतो. त्यामुळे 'एज्युरोम स्लो आहे' या तक्रारीचा रोख बहुतेक वेळा चुकीचा असतो. वर्गात साठ विद्यार्थी, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप धरला तर एकशे वीस उपकरणं वायफाय पसरवणाऱ्या एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवर येतात, आणि हवेत एका वेळी एकालाच बोलता येतं. तिथे लॅपटॉपवर नेट वापरत असाल तर फोनचं वायफाय बंद ठेवणं हा खरोखर उपयोगी उपाय आहे.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल फक्त तीन, १, ६ आणि ११. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह आणि खोल्याखोल्यांतले हॉटस्पॉट हे सगळं त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण भिंत जाड असेल तर ती लहर आत येत नाही. जुन्या हॉस्टेलांत अ‍ॅक्सेस पॉइंट व्हरांड्यात आणि पलंग दोन भिंतींपलीकडे, म्हणून दार उघडं ठेवलं की नेट सुधारतं. रेंज मोजणारं अ‍ॅप असेल तर उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला आकडा व्हिडिओ कॉलला पुरतो. उणे ७५च्या खाली गेलं की ओळख पटतानाच फेऱ्या तुटायला लागतात आणि फोन उगाच 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो. वर्गातून लायब्ररीत गेल्यावर फोन मागच्याच इमारतीच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहत असेल तर वायफाय एकदा बंद-चालू करा, जवळचा पकडेल.

पाहुणे असताना

बाहेरच्या संस्थेत तुम्हाला तिथला आयपी पत्ता मिळतो आणि तिथलेच नियम लागू होतात. तुमच्या कॉलेजला आयपी पत्त्यावरून मिळालेली जर्नल्स म्हणूनच तिथे उघडणार नाहीत. त्यासाठी कॉलेजचं व्हीपीएन (बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये नेणारा बंद मार्ग) किंवा संस्थेच्या लॉगिनमधून जाणारा मार्ग निघण्याआधी चालू करून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या जर्नल्सच्या सामाईक वर्गणीच्या सरकारी योजनेतल्या सरकारी संस्थांनाही हे लागू आहे, कारण एज्युरोमची ओळख वायफायच्या दारापर्यंतच चालते, प्रकाशकाच्या साइटला ती दिसत नाही. काही आवारांत व्हीपीएनच अडवलेलं असतं. ४४३ पोर्टवरून, म्हणजे एचटीटीपीएस साइट ज्या वाटेनं येतात तिथून, चालणारं व्हीपीएन असेल तर अशा ठिकाणी ते निभावतं.

परदेशात विद्यापीठांखेरीज कित्येक शहरांतली ग्रंथालयं, रुग्णालयं आणि काही विमानतळांवरही एज्युरोम मिळतं. आपल्याकडे ते अजून मोठ्या संस्थांपुरतं आहे, आणि संलग्न महाविद्यालयांत ते पोचावं असं मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारं फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. अर्नेटकडे नोंदणी, राष्ट्रीय सर्व्हरशी जोडणी, स्वतःचं डोमेन आणि ८०२.१एक्स (प्रत्येकाची ओळख वेगळी तपासण्याची पद्धत) जाणणारे अ‍ॅक्सेस पॉइंट एवढी सामग्री लागते, आणि बऱ्याच कॉलेजांकडे शेवटच्या दोन गोष्टी आधीच असतात. डोमेन भारताच्या डॉट इन या शेवटाचं असेल तर विनंती वरच्या सर्व्हरकडून सहज भारतात येते. डॉट ओआरजी किंवा डॉट ईडीयू असेल तर वर वेगळी नोंद करून घ्यावी लागते, आणि ती राहिली की मुलं देशात जोडली जातात, परदेशात नाहीत. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रेडियसची माहिती ज्या यूडीपी पॅकेटांतून जाते, त्यातले तुकडे झालेले पॅकेट फायरवॉल टाकून देतं. सर्टिफिकेटची साखळी मोठी असली की ती एका पॅकेटात मावत नाही, तुकडे होतात आणि बाहेरून येणाऱ्यांची ओळख अर्ध्यावर थांबते. सेवा सुरू करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासावं.

बहुतेक स्मार्ट टीव्ही, वायफायवरचे प्रिंटर, आवाजावर चालणारे स्पीकर, गेमिंग कन्सोल यांवर एज्युरोम चालत नाही, कारण त्यांना फक्त एका पासवर्डचं घरगुती वायफाय कळतं. प्रोजेक्टसाठी वापरले जाणारे छोटे संगणक-बोर्ड, म्हणजे ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय, चालतात. मात्र त्यात पासवर्ड उघडा लिहून ठेवावा लागतो, म्हणून शक्य असेल तर उपकरणांसाठीचं वेगळं नेटवर्क मागा.

पासवर्ड मित्राला देऊ नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांना यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि त्या नोंदींत तुमच्या खात्यावरून जे झालं ते तुमच्या नावावर असतं, उपकरण कुणाचंही असो. याच नोंदींचा उपयोग तक्रार करतानाही होतो. 'वायफाय चालत नाही' एवढं लिहिलं तर कॉम्प्युटर सेंटरला शोधायला काहीच मिळत नाही. त्याऐवजी पासवर्ड वगळून पूर्ण नाव, नेमकी वेळ मिनिटापर्यंत, इमारत आणि खोली, उपकरण आणि त्याची आवृत्ती, त्या वायफायसाठी दिसणारा मॅक पत्ता (उपकरणाच्या वायफायचा ओळख क्रमांक), मिळालेला आयपी पत्ता आणि पडद्यावरचा संदेश लिहा. मॅक पत्ता वायफायच्या त्याच नेटवर्कच्या तपशिलात बघा, फोनच्या 'अबाऊट' मध्ये नको. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवला जातो, आणि 'अबाऊट' मधला पत्ता सर्व्हरच्या नोंदीत सापडणारच नाही.